‘पाच वर्षं आहेत’ हे खरं, पण अर्धंच

पत्र थोडक्यात: नाशिकहून एक ताई लिहितात. धाकटा भाऊ २०१३ पासून न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्डवर. बायको अमेरिकन नागरिक, मुलगी सात वर्षांची. दुकानातली नोकरी सांभाळून त्याने ‘पार्सल उचलायचं आणि पोचवायचं’ असं जोडकाम धरलं. त्या पार्सलांत फोनवरून फसवलेल्या म्हाताऱ्या माणसांची रोकड होती. तीन पार्सलं, ९२,००० डॉलर. भाऊ म्हणतो, पहिल्या वेळी मला काही ठाऊक नव्हतं. वकिलाने सांगितलं, ‘गुन्हा कबूल कर, दहाऐवजी चार वर्षांवर भागेल. ग्रीन कार्ड आहे, मुलगी इथली आहे, त्याची काळजी नको.’ भावाने कबूल केलं. शिक्षा होऊन आठ महिने झाले आणि आता तुरुंगात इमिग्रेशनचा डिटेनर आला आहे: सुटका झाली की ताब्यात घेऊन भारतात पाठवणार. ताई विचारतात, ‘वकिलाने फसवलं हे तर उघड आहे. फेडरल कोर्टात हेबियस कॉर्पस करता येईल ना? भावाच्या वतीने मी इथून अर्ज करू का? ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, घाई नको, पाच वर्षं मुदत असते.’

ताई,

आधी मुदतीचं बोलू, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य ते शेवटचं आहे. ते गृहस्थ खोटं बोलले नाहीत. न्यू जर्सीच्या राज्य कोर्टात शिक्षेनंतरचा अर्ज, ज्याला तिकडे सगळे पीसीआर म्हणतात, तो निकालपत्राच्या तारखेपासून पाच वर्षांत करता येतो. पण फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातल्या, हेबियसची मुदत एक वर्षाची आहे. १९९६ च्या कायद्याने ती घातली आणि ती राज्याच्या पाच वर्षांसाठी थांबत नाही. दोन घड्याळं एकाच वेळी चालू असतात आणि लहान घड्याळाबद्दल कुणी बोलत नाही.

हिशेब मांडून दाखवते. समजा भावाच्या जजमेंट ऑफ कन्व्हिक्शनवर, म्हणजे निकालपत्रावर, १० जानेवारी २०२५ ही तारीख आहे. अपिलाला ४५ दिवस. अपील केलं नाही, तर २४ फेब्रुवारी २०२५ ला निकाल अंतिम झाला आणि त्या दिवसापासून फेडरल वर्ष सुरू झालं. आता भावाने २० सप्टेंबरला राज्य कोर्टात पीसीआर दाखल केला, तर २०८ दिवस खर्ची पडले. अर्ज राज्यात रीतसर प्रलंबित असेपर्यंत घड्याळ थांबतं. राज्यातली सगळी पायऱ्यांची चढाई संपली की उरलेले १५७ दिवस पुन्हा मोजायला लागतात. तोच पीसीआर त्याने तिसऱ्या वर्षी केला, तर राज्य कोर्ट तो मुदतीत आहे म्हणून ऐकून घेईल, पण फेडरल दार केव्हाच बंद झालेलं असेल. गेलेली मुदत नंतरच्या अर्जाने परत येत नाही. ‘डिटेनर आला तेव्हाच आम्हाला कळलं, तिथून मोजा’ असा युक्तिवाद कायद्याच्या एका पोटकलमावर करता येतो, पण तो अवघड आहे. हातातली तारीख सोडून त्याच्या भरवशावर राहू नका.

तर उत्तर असं, की हेबियस करता येईल, पण आज नाही. आज करायचा आहे तो पीसीआर.

आपल्याकडे हेबियस कॉर्पस म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते वेगळंच. पोलिसांनी माणूस उचलला, ठावठिकाणा सांगत नाहीत, मग बहीण किंवा बायको हायकोर्टात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करते आणि कोर्ट म्हणतं, माणूस समोर आणा. अमेरिकेत हा रिट प्रामुख्याने शिक्षा झालेल्या कैद्याचं शेवटचं हत्यार झाला आहे. राज्याने दिलेली शिक्षा अमेरिकेच्या राज्यघटनेविरुद्ध आहे, एवढाच दावा तिथे चालतो आणि तोही राज्यातली सगळी कोर्टं करून आल्यावर. भाऊ ट्रायल कोर्टात हरला तर ४५ दिवसांत अपेलेट डिव्हिजनला, म्हणजे राज्याच्या अपील कोर्टाला, जायचं. तिथे हरला तर न्यू जर्सी सुप्रीम कोर्टाकडे सर्टिफिकेशन, म्हणजे केस ऐकून घ्यायची मंजुरी, मागायचं. त्याची नोटीस २० दिवसांत द्यावी लागते. ही शेवटची पायरी लोक ‘तिथे कोण घेतंय आपली केस’ म्हणून सोडतात आणि मग फेडरल न्यायाधीश सांगतात, तुम्ही राज्यातले उपाय संपवलेच नाहीत. सुप्रीम कोर्टाने केस घेतली नाही तरी चालतं, मागितलेली मात्र असली पाहिजे. आणि अर्जातला मुद्दा प्रत्येक पायरीवर तोच हवा: अमेरिकन घटनेच्या सहाव्या दुरुस्तीनुसार मिळणारा परिणामकारक वकिलाचा हक्क. खाली ‘वकील बेजबाबदार होता’ आणि वर ‘सहावी दुरुस्ती’ असं केलंत, तर नवा मुद्दा आणलात असं म्हणतील.

आता ‘वकिलाने फसवलं हे उघड आहे’ याकडे येऊ. तुमचा राग समजतो, पण कोर्टाला दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात. १९८४ च्या स्ट्रिकलंड खटल्यापासूनची कसोटी अशी: वकिलाचं काम किमान दर्जाच्या खाली होतं का, आणि तसं नसतं तर निकालात फरक पडला असता याची वाजवी शक्यता आहे का. गुन्हा कबूल केलेल्या माणसासाठी १९८५ च्या हिल खटल्याने दुसरा प्रश्न नेमका केला: योग्य सल्ला मिळाला असता, तर या माणसाने कबुली न देता खटला लढवला असता का?

पहिल्या भागात तुमच्या भावाची बाजू बरी दिसते. २०१० मध्ये पडिला विरुद्ध केंटकी या निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की देशाबाहेर काढलं जाणं हा ज्या गुन्ह्याचा स्पष्ट परिणाम आहे, तिथे वकिलाने तो स्पष्ट सांगायलाच हवा. तो पडिला चाळीस वर्षं अमेरिकेत होता, व्हिएतनामला लढून आला होता. त्याचाही वकील हेच म्हणाला होता: इतकी वर्षं आहेस, काळजी नको. तुमच्या भावाच्या बाबतीत कायदा धूसर नाही. फसवणुकीचा गुन्हा आणि नुकसान १०,००० डॉलरच्या वर, म्हणजे इमिग्रेशन कायद्यातली ‘ॲग्रॅव्हेटेड फेलनी’, देशाबाहेर काढण्याजोगा गंभीर गुन्हा. ग्रीन कार्डवाल्याला त्यातून सवलत मागायची मुख्य वाटसुद्धा बंद होते. मुलगी सिटिझन असण्याने यात काही बदलत नाही. हे पुस्तक उघडलं असतं तर वकिलाला पाच मिनिटांत सापडलं असतं.

खरी लढाई दुसऱ्या भागात आहे. आणि तिथे भावाने आज तुरुंगात बसून लिहिलेलं ‘मला माहीत असतं तर मी कबूल केलंच नसतं’ हे वाक्य एकटं जवळजवळ शून्य किमतीचं आहे. असं प्रत्येकजण म्हणतो. २०१७ च्या ली खटल्यात कोर्टाने सांगितलं, की त्या वेळचे पुरावे दाखवा. ली हा कोरियाहून तेराव्या वर्षी आलेला, मेम्फिसमध्ये रेस्टॉरंट चालवणारा माणूस. त्याच्याविरुद्धचा पुरावा इतका भक्कम होता की खटल्यात सुटायची आशा जवळपास नव्हती. तरीही तो जिंकला. का? त्याने कबुलीआधी वकिलाला पुन्हा पुन्हा देशाबाहेर काढतील का हेच विचारलं होतं. कबुलीच्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, की यामुळे तुम्हाला देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, याचा तुमच्या निर्णयावर परिणाम होतो का? तो आधी हो म्हणाला. कसा परिणाम होतो, विचारल्यावर म्हणाला, मला समजत नाही, आणि वकिलाकडे वळला. वकील म्हणाला, हा नेहमीचा इशारा असतो. मग ली नाही म्हणाला. हे सगळं ट्रान्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कोर्टातल्या बोलण्याच्या शब्दशः नोंदीत, होतं.

म्हणून भावाच्या कबुलीच्या दिवसाचं ट्रान्स्क्रिप्ट मागवा, शिक्षेच्या दिवसाचंही. न्यू जर्सीच्या कबुलीच्या फॉर्मवर सतराव्या प्रश्नात नागरिकत्व आणि इमिग्रेशनचे परिणाम विचारलेले असतात: नागरिक आहात का, परिणाम समजलेत का, वकिलाशी बोललात का. भावाने तिथे काय खुणा केल्यात ते बघा. सगळीकडे ‘होय’ असेल, तर सरकारी वकील तोच कागद पहिला पुढे करेल, आणि शपथेवर दिलेली उत्तरं कोर्ट सहजासहजी बाजूला सारत नाही. पण फॉर्म ‘परिणाम होऊ शकतो’ असं सांगतो. ‘होऊ शकतो’ आणि ‘होणारच’ यांतल्या फटीतच ही सगळी केस उभी असते, विशेषतः शेजारी उभा असलेला वकील ‘तुला नाही होणार’ म्हणाला असेल तर.

मग त्या वेळचा पुरावा कुठे मिळेल? तुमच्याच फोनमध्ये शोधा. कबुलीच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांतलं त्याचं आणि तुमचं, भावजयीचं व्हॉट्सॲप चाळा. ‘वकील म्हणतोय ग्रीन कार्डाला काही होणार नाही, म्हणून सही करतोय’ असा एखादा मेसेज निघाला तर तो दहा शपथपत्रांच्या तोडीचा. मेसेज नुसता स्क्रीनशॉट काढून ठेवू नका. पूर्ण संभाषण तारखांसकट एक्स्पोर्ट करा, मूळ फोन विकू-बदलू नका आणि मराठी मेसेजचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. वकिलाला गेलेल्या ईमेल, त्यांची उत्तरं, भेटींची बिलं, इमिग्रेशन वकिलाकडे कधी चौकशी केली असेल तर तिची पावती, हे सगळं त्यात येतं. मुलीचा जन्मदाखला, घराचा भाडेकरार, बारा वर्षांची टॅक्स रिटर्न हे दुय्यम, पण लागतं. तिथून उपटला जाण्याची त्याला किती भीती असणार, हे त्यातून दिसतं.

एक गोष्ट मात्र करू नका. त्याला इंग्रजी समजलं नाही, असा मुद्दा घालायचा मोह होईल. बारा वर्षं गल्ल्यावर उभा राहिलेला माणूस असं म्हणाला, की त्याची बाकीची खरी वाक्यंही संशयात येतात. तशीच दुसरी गोष्ट, वकिलाविरुद्ध तक्रार. आज ती ठोकू नका. तक्रारीने शिक्षा हलत नाही, आणि लीच्या खटल्यात त्याचाच जुना वकील साक्षीला उभा राहून म्हणाला होता, की देशाबाहेर काढतील हे माहीत असतं तर मीच त्याला खटला लढ म्हटलं असतं. चुकलेला वकील ‘हो, मी तपासलं नव्हतं’ असं शपथपत्र देतो तेव्हा केस अर्धी जिंकलेली असते. भावाने आधी सभ्य शब्दांत पत्र लिहून आपली संपूर्ण फाइल मागावी. ती त्याची आहे, काम संपल्यावर वकिलाने ती द्यायची असते. हेही लक्षात असू द्या, की असा दावा केला की त्या मुद्द्यापुरती वकील-अशिलातली गुप्तता उरत नाही. भावाने वकिलाला खरोखर काय काय सांगितलं होतं, ते बाहेर येऊ शकतं.

आता तुम्ही न विचारलेला, पण विचारायलाच हवा असा प्रश्न. जिंकल्यावर काय होतं? भाऊ घरी येत नाही. कबुली रद्द होते, तिच्यासोबत चार वर्षांचा सौदाही रद्द होतो, आणि मूळ आरोपपत्र पुन्हा उभं राहतं. ७५,००० डॉलर किंवा त्यावरची फसवणूक न्यू जर्सीत दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे, पाच ते दहा वर्षं. त्याला चार मिळाली ती तिसऱ्या श्रेणीच्या मापाने, सौद्यातली सूट म्हणून. वगळलेले आरोपही परत येऊ शकतात. पहिल्या पार्सलला ठाऊक नव्हतं, ठीक. तिसऱ्याला? हा प्रश्न ज्युरीसमोर येणार. ‘दहा वर्षांचा धोका पत्करीन, पण मुलीला सोडून जाणार नाही’ असं तो मनापासून म्हणत असेल, तर लीसारखीच त्याचीही बाजू आहे. आणि ‘लवकर सुटून नाशिकला आलो तरी चालेल’ असं त्याला आत कुठे वाटत असेल, तर हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी नाही. हे तुम्ही ठरवू शकत नाही, भावजयही नाही.

प्रत्यक्षात अशा केसेसचा शेवट पुष्कळदा मधल्या वाटेवर होतो. पीसीआर भक्कम दिसला की सरकारी वकील बोलणीला तयार होतो: जुनी कबुली रद्द, वेगळ्या कलमाखाली नवी, ज्यात इमिग्रेशनचा फास तितका आवळत नाही. अशा वेळी कोर्टाच्या आदेशातली वाक्यरचना फार महत्त्वाची. वकिलाच्या चुकीमुळे, म्हणजे कायदेशीर दोषामुळे, कबुली रद्द झाली असं आदेशात लिहिलेलं हवं. ‘कुटुंबाची अडचण पाहून’ किंवा ‘इमिग्रेशनसाठी’ असं दिसलं, तर इमिग्रेशन कोर्ट जुनी शिक्षा कायमच धरतं. २००३ च्या पिकरिंग निर्णयापासून हा नियम आहे. नुकसानभरपाईचा आकडाही तसाच. नव्या कबुलीत तो १०,००० च्या वर राहिला तर कलम बदलून फारसं हाती लागत नाही. म्हणून फौजदारी वकिलाच्या जोडीला दोन्ही कायदे जाणणारा माणूस हवाच, निदान दोन तासांच्या सल्ल्यापुरता.

तुमचा दुसरा प्रश्न: भावाच्या वतीने तुम्ही अर्ज करू शकता का? व्यवहारात नाही. कैदी स्वतः असमर्थ असेल, मानसिक आजार वगैरे, तरच दुसऱ्याला ‘हितचिंतक’ म्हणून उभं राहता येतं. नोटरीकडून केलेलं कुलमुखत्यारपत्र तिथे उपयोगाचं नाही, आणि भारतातल्या वकिलाला तिथे उभं राहता येत नाही. सही भावाची, तीही खोटं असल्यास शिक्षा होईल या प्रतिज्ञेखाली. पण ऐपत नसेल तर पहिल्या पीसीआरसाठी न्यू जर्सीत सरकारी खर्चाने वकील मिळतो. हे बऱ्याच घरांना ठाऊक नसतं आणि मग इथले दागिने गहाण पडतात. फेडरल हेबियसमध्ये मात्र वकिलाचा हक्क नाही, कोर्टाला वाटलं तर देतं. त्याची फी पाच डॉलर.

पीसीआरच्या अर्जात तपशील ओतायचा, हात राखायचा नाही. कोणत्या तारखेला, कुठे, वकील नेमकं काय म्हणाला, त्यावर भाऊ काय म्हणाला. ‘वकिलाने नीट सल्ला दिला नाही’ एवढंच लिहिलेला अर्ज साक्षीपुराव्याशिवाय फेटाळला जातो. आणि साक्षीपुरावा होणार तो राज्यातच. फेडरल न्यायाधीश नव्याने साक्षी घेत बसत नाहीत. राज्य कोर्टासमोर जे होतं तेच बघून, राज्याचा निर्णय नुसता चुकीचा नाही तर कायद्याच्या दृष्टीने अवाजवी होता का, एवढंच ते तपासतात. पीसीआरला मिळालेला वकील पुरावा मांडायला विसरला तर पुढे सावरायला फार थोडी जागा उरते. २०२२ च्या एका निकालाने ती आणखी आकसली. म्हणून भावजयीने साक्षीला उभं राहायची तयारी आत्तापासून ठेवावी.

तुरुंगातून अर्ज पाठवताना तो तुरुंगाच्या कर्मचाऱ्याच्या हाती टपालासाठी दिला ती तारीख धरली जाते, कोर्टात पोचल्याची नाही. दिल्याची नोंद ठेवायला सांगा. फेडरल अर्ज एकदाच, सगळे मुद्दे घालून. दुसऱ्यांदा करायचा तर आधी वरच्या कोर्टाची परवानगी लागते आणि ती क्वचित मिळते. आणि तो अर्ज दाखल होताना माणूस त्या शिक्षेखाली ‘ताब्यात’ असावा लागतो. पॅरोल चालतो. शिक्षा पूर्ण संपून नुसता इमिग्रेशनच्या कोठडीत असेल तर साधारणपणे चालत नाही. चार वर्षांच्या शिक्षेत हे दार आपोआप बंद होण्याची वेळ दूर नसते. अर्ज वेळेत पडला आणि नंतर त्याला परत पाठवलं, तरी अर्ज त्यामुळे आपोआप संपत नाही. मात्र पीसीआर प्रलंबित आहे म्हणून परत पाठवणं थांबतं, असंही समजू नका. ती लढाई इमिग्रेशन कोर्टात वेगळी लढावी लागते.

ज्यांच्या घरच्या माणसाला राज्याच्या नव्हे, फेडरल कोर्टात शिक्षा झाली आहे, त्यांनी वरच्या पायऱ्या विसरायच्या. त्यांचा अर्ज कलम २२५५ खाली, शिक्षा दिलेल्या न्यायाधीशांकडेच, फी नाही, मुदत तीच एक वर्ष. पण अपिलाची मुदत तिथे १४ दिवसांची आहे, त्यामुळे अपील केलं नसेल तर वर्ष लवकर सुरू होतं. शिक्षा भोगून झाली असेल तर कोरम नोबिस नावाचा वेगळा रिट. आणि ३१ मार्च २०१० पूर्वी निकाल अंतिम झाला असेल, तर पडिलाचा आधार घेता येत नाही.

ताई, भावाचा पुढचा फोन येईल तेव्हा केसबद्दल, पार्सलांबद्दल काहीही बोलू नका. तुरुंगातले फोन रेकॉर्ड होतात आणि सरकारी वकील ते ऐकतात. जजमेंट ऑफ कन्व्हिक्शनवर कोणती तारीख छापली आहे, एवढंच विचारा. ती लिहून घ्या, तिच्यात ४५ दिवस मिळवा, त्यापुढे एक वर्ष मोजा, आणि तो कागद भावजयीला आजच पाठवा.